वात की म्हातारचळ?

तापाने फणफणलेला तरुण मुलगा असंबद्ध बोलू लागला, तर घरची मंडळी ‘वातात बरळतो आहे’ म्हणतात आणि डॉक्टरांकडे धाव घेतात. तेच बोलणे सत्तरीच्या आजीच्या तोंडून आले, तर ‘म्हातारचळ’ हा शब्द पुढे येतो आणि धाव तेथेच थांबते. हा भेद वैद्यकशास्त्राने शिकविलेला नाही. तो आपला आहे.

धाराशिव जिल्ह्यातील तेरखेडा हे फटाक्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेले गाव. तिथल्या कडक उन्हाळ्यातील एखादी वृद्ध माता डोळ्यांपुढे आणावी. वयोमानाने तहान मंदावलेली. त्यात रात्री लघवीला उठावे लागू नये म्हणून ती पाणी आणखी कमी पिते. अशा वेळी मूत्रमार्गात जंतुसंसर्ग झाला, तर वृद्धांना ताप येईलच असे नाही. मनाचा गोंधळ हेच पहिले लक्षण असू शकते. ती लेकीला ओळखत नाही, अपरात्री दार उघडते. वेळीच उपचार झाले, तर पुष्कळदा ती भानावर येते. रक्तातील सोडियम घटणे, मधुमेहाच्या गोळीने साखर उतरणे, झोपेच्या वा सर्दीच्या काही गोळ्या, यांनीही असेच घडते. थायरॉइडची मंदता, बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव आणि खोल नैराश्य ही कारणे अधिक संथ. न्हाणीघरात पडून लागलेला किरकोळ मार तर विसरलाही जातो, आणि काही आठवड्यांनी मेंदूवर साचलेले रक्त बुद्धी झाकोळते. (बहिरेपणाची गोष्टच नको, उत्तर चुकले की बुद्धी गेली!)

सगळेच बरे होतात, असे आम्ही म्हणत नाही. अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली ज्या विकाराचे वर्णन केले, तो मुळापासून बरा करणारा उपाय अजून नाही. पण त्या रुग्णाची अवस्थाही एकाएकी बिघडली, तर दुसरे कारण शोधावेच लागते.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, ‘हे कधीपासून?’ काही तासांत की काही वर्षांत, यावर पुष्कळ काही ठरते. पण उत्तर देणार कोण? या जिल्ह्यातील कित्येक कुटुंबे ऊसतोडणीला जातात, म्हातारी माणसे मागे राहतात. आपल्या घरांतील मुले मुंबईत वा आखातात. फोनवर ‘बरं आहे ना?’ एवढेच.

बेनसिराच्या ग्रंथाचा तिसरा अध्याय पित्याची बुद्धी क्षीण झाली तरी त्याला सांभाळून घ्यावयास सांगतो. ही आज्ञा आपण वेळेआधीच पाळू लागतो, असे आम्हांस वाटते. सोसण्याला पैसे पडत नाहीत, तपासणीला पडतात. मजुराचा रोज बुडतो, त्याची चालढकल आम्ही पाप मानणार नाही. सुस्थितीतील घराचे मात्र तसे नाही. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही ‘अंत्याभ्यंगा’ला ‘रुग्णाभ्यंग’ म्हणणे अधिक योग्य ठरविले; तो संस्कार केवळ शेवटच्या घटकेसाठी नाही, हे स्पष्ट केले.

दवाखान्यात जाताना घरातील सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्याव्यात, झाडपाल्याच्या औषधांसह. आणि आई परवापर्यंत अंगणात बसून नीट बोलत होती, हे पाहिलेल्या शेजारणीलाही सोबत न्यावे.