समानतेचे ओझे

वाचन: 1 करिंथ. 12:12-26



कर्ट व्हॉनेगट या अमेरिकन लेखकाची ‘हॅरिसन बर्जेरॉन’ ही कथा 1961 साली प्रसिद्ध झाली. तीत 2081 सालचे सरकार सर्वांना सक्तीने समान करते. बलवानाच्या अंगावर वजने, सुंदराच्या तोंडावर मुखवटा, बुद्धिमानाच्या कानात विचार तोडणारा कर्कश आवाज. कोणी कोणाच्या पुढे जाऊ नये, एवढ्यासाठी!

आम्हां इंदूरकरांना समानतेची दुसरी हकिकत जवळची आहे. येथून जवळच महूला 1891 साली डॉ. आंबेडकर जन्मले. साताऱ्याच्या शाळेत त्यांना अस्पृश्य म्हणून वेगळे, गोणपाटावर बसावे लागे. पुढे त्यांनी मागितलेली समानता पायांतले ओझे काढणारी होती, दुसऱ्याच्या पायांत ते बांधणारी नव्हे.

मग शब्बाथशाळेतील पाठांतराची बक्षिसे बंद करावीत काय? काही शिक्षकांना तसे वाटते. मागे राहिलेल्या लेकराचे रडणे त्यांनी पाहिले आहे, आणि ते रडणे खोटे नसते. परंतु पौल डोळ्याला मिटून राहावयास सांगत नाही, की हाताला त्याच्याशी शर्यत लावावयास सांगत नाही. एका अवयवाचा मान तो सर्वांच्या आनंदाचा मानतो. तेव्हा यंदा, ज्याला वचने लवकर पाठ होतात त्याला अडखळणाऱ्याच्या शेजारी बसवू या, आणि बक्षीस त्या जोडीला देऊ या.