एक ग्रंथ आणि अनेक पुस्तके

एबेनेझर हेंडरसन हा स्कॉटिश धर्मप्रचारक 1814 साली आइसलँडला गेला तो बायबलच्या प्रती वाटायला. बेटभर हिंडून आल्यावर 1818 मध्ये त्याने आपले प्रवासवर्णन प्रसिद्ध केले. त्यात तिथल्या शेतकऱ्याच्या घरातली हिवाळ्यातली संध्याकाळ आहे. दिव्याजवळ बसून एक जण मोठ्याने वाचतो आणि बाकीची मंडळी लोकरीचे काम करत ऐकतात. वाचन चालते ते सागांचे, म्हणजे पूर्वजांच्या पराक्रमाच्या, वैरांच्या आणि सूडाच्या गद्य कथांचे. झोपण्यापूर्वी त्याच घरात, त्याच माणसांत स्तोत्रे आणि प्रार्थना होतात. परदेशात पाय ठेवणाऱ्या माणसाला पुस्तकांवर असे प्रेम करणारा समाज दिसला की कौतुक वाटते आणि तो पुढे जातो. हे दृश्य मात्र एक अवघड प्रश्न विचारते. ज्याने एका ग्रंथाला ईश्वराचे वचन मानले, त्याच्या मनात बाकीच्या पुस्तकांना जागा कशी उरते? माझे म्हणणे असे की ती उरू शकते. इतकेच नव्हे, तर आपण ज्यावर विश्वास ठेवत नाही ते पुस्तकही जपावेसे वाटणे ही ग्रंथप्रेमाची खरी कसोटी आहे.

या जागेसाठी तिथे झगडा झाला, हे आधी मान्य केले पाहिजे. छापखाना आइसलँडमध्ये आला तो 1530च्या सुमारास, एका बिशपने आणला म्हणून, आणि पुढे दीर्घकाळ तो चर्चच्याच हातात राहिला. होलारचे बिशप गुडब्रांदुर थॉर्लाक्सन यांनी 1584 मध्ये संपूर्ण बायबल आइसलँडिक भाषेत छापले. ते काम थोर आहे. पण याच बिशपांना लोकांच्या तोंडी असलेली ‘रीमूर’ ही लांबलचक कथाकाव्ये खुपत होती. त्यांनी 1612 मध्ये बायबलमधल्या कथांवर रचलेली रीमूर छापली, लोकांनी जुनी सोडून ही म्हणावीत म्हणून. लोकांनी जुनी सोडली नाहीत. 1746 च्या फर्मानाने तर पाद्र्यांना बजावले की निरुपयोगी कथा आणि रीमूर यांपासून घरोघरच्या माणसांना परावृत्त करा. त्यानंतर सुमारे सत्तर वर्षांनी हेंडरसन गेला, तेव्हाही दिव्याजवळ सागा वाचल्या जात होत्या.

यावर कुणी म्हणेल की यात धर्म आणि तत्त्वज्ञान कसले शोधता, रात्र मोठी आणि करमणूक दुसरी नाही, म्हणून वाचतात. रात्र मोठी असते हे खरे. पण नॉर्वेतही तसाच हिवाळा आहे, भाषा एकेकाळी तीच होती आणि देवही तेच होते. तरी नॉर्वेच्या राजांचा सर्वांत मोठा इतिहास तेराव्या शतकात लिहिला तो स्नोरी स्टुर्लुसोन या आइसलँडच्या माणसाने. दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. साक्षरता चर्चने सक्तीने आणली, प्रश्नोत्तरी पाठ करून घेतली, मग याला प्रेम कसे म्हणायचे? सक्ती होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण सक्ती होती ती धर्माच्या पाठांतराची. सागा उतरून काढायची सक्ती कुणीच केली नव्हती. तरी छापील पुस्तके आल्यानंतरही, अगदी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत, तिथले साधे शेतकरी सागा कागदावर हाताने उतरवत होते.

तिसरा आक्षेप पुराव्यानिशी येतो. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला आर्नी माग्नुसोन यांनी बेटावरची हस्तलिखिते शोधून शोधून जमवली, तेव्हा काही चर्मपत्रे त्यांना कपड्यांच्या मापाला कापलेली मिळाली. ग्रंथांची पूजा करणारे लोक असे करतात काय? माझ्या मते हा पुरावा माझ्या बाजूचाच आहे. धर्मसुधारणेनंतर ज्यांचा उपयोग संपला, त्या कॅथलिक काळातल्या लॅटिन प्रार्थनापुस्तकांच्या वाट्याला अशी कापाकापी मोठ्या प्रमाणावर आली. ती एकेकाळी पवित्र होती, पण पावित्र्याने ती वाचली नाहीत. ज्या कथा रोज वाचल्या जात होत्या, त्या टिकल्या.

सर्वांत खोल आक्षेप मात्र श्रद्धावंताचा आहे, आणि त्याचा आदर राखूनच त्याला उत्तर द्यायला हवे. तो म्हणतो, मन ज्याची संगत धरते त्याचा रंग घेते. असत्य देवांच्या कथा प्रेमाने वाचणे म्हणजे सत्याशी बेइमानी. स्नोरीपुढे हाच पेच होता. तो ख्रिस्ती होता आणि ‘एडा’ हा काव्यविषयक ग्रंथ लिहिताना त्याने स्पष्ट सांगितले की ख्रिस्ती माणसाने जुन्या देवांवर विश्वास ठेवू नये. पण कवींनी त्यांच्या कथा विसरू नयेत, हेही त्याने तितक्याच स्पष्टपणे सांगितले. एखादी गोष्ट खरी आहे का आणि ती जपण्याजोगी आहे का, हे दोन प्रश्न त्याने वेगळे केले. मला ही फार मोठी नैतिक कृती वाटते. आणि श्रद्धा पातळ झाली का? हाल्ग्रीमुर पेतुर्सोन हे सतराव्या शतकातले पाद्री. येशूच्या यातनांवरची त्यांची 50 स्तोत्रे आजही दर वर्षी ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात तिथल्या रेडिओवर वाचली जातात. याच हाल्ग्रीमुर यांनी लौकिक कथांवरची रीमूरही रचली होती. त्यांच्याच काळात, 1643 मध्ये, जुन्या देवांच्या काव्यांचे एकमेव मोठे हस्तलिखित हाती आले ते स्काउल्होल्तचे लुथेरन बिशप ब्रिन्योल्फुर स्वेइन्सोन यांच्या. त्यांनी ते जाळले नाही, दडपलेही नाही. 1662 मध्ये त्यांनी ते डेन्मार्कच्या राजाकडे पाठवले.

तीनशे वर्षांनी ते परत आले. 21 एप्रिल 1971 रोजी डॅनिश नौदलाचे जहाज ते हस्तलिखित आणि राजांच्या सागांचा ‘फ्लातेयार्बोक’ हा मोठा ग्रंथ घेऊन रेक्याविकला पोहोचले, तेव्हा बंदरावर हजारो लोक जमले होते. देशातले बहुतेक सगळे लोक लुथेरन चर्चचे सभासद होते, आणि ज्या 45 चर्मपत्रांसाठी ते आले होते, त्यांत ओदिन आणि थोर या जुन्या देवांची काव्ये होती.