पाहून सांगितले ते खोटे कसे?

डोळ्यांनी पाहिले तसेच तोंडाने सांगितले, आणि त्यापायी दुसऱ्याचा घात होऊ लागला, तर सांगणारा खोटा ठरतो की नाही? सज्जनहो, हा प्रश्न पंडितांच्या सभेतला नव्हे. मला तो माझ्या धाकट्या बहिणीने नदीकाठी विचारला.

कार्तिकातली सकाळ होती. पावसाळ्याचा गढूळपणा जाऊन पाणी निवळले होते. तळची वाळू, गोटे, शिंपा मोजून घ्यावेत इतके स्वच्छ दिसत होते. आठ वर्षांचा भाचा काठावरून विचारू लागला, "मामा, उतरू का?" मी वाकून पाहिले नि म्हटले, "उतर की! छातीपर्यंत येईल फार तर." पोर उतरले आणि दिसेनासे झाले. जवळच एक भोई होडी धूत होता. त्याने उडी टाकली, दंड धरून पोराला वर काढले, म्हणून आज हे लिहिता येत आहे. बहीण रडली नाही. एवढेच म्हणाली, "दादा, तू पाहून सांगितलंस ना रे?"

पाहूनच सांगितले होते. जाणूनबुजून खोटे बोललो असतो तर बरे, पाप कबूल करून मोकळा तरी झालो असतो.

आता त्या पाण्याने काय केले ते पाहू. प्रकाश मोकळ्या पोकळीत सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावतो. पाण्यात शिरला की ही गती सुमारे २ लाख २५ हजारांवर येते, काचेत २ लाखांच्या आसपास, आणि हिऱ्यात तर सव्वा लाखाच्याही किंचित खाली. बाहेर पडताक्षणी पहिली गती जशीच्या तशी परत! म्हणजे तो थकत नाही. पदार्थाच्या कणांतले विद्युत्भार त्याच्या येण्याने डोलू लागतात, स्वतःही प्रकाश टाकतात, आणि जुन्या-नव्या लाटा मिळून जी एक लाट पुढे सरकते ती मागे रेंगाळते, इतकेच.

सरळ उभा शिरला तर तो नुसता मंदावतो. तिरपा शिरला तर वळतोही. दिंडीतली आडवी ओळ सडकेवरून तिरपी वाळूत शिरली की काय होते ते आठवा. ज्यांचे पाय आधी वाळूत पडले त्यांची चाल मंदावते, बाकीचे अजून सडकेवर झपझप येत असतात, आणि सगळी ओळच कलते. कुणी ठरवून वळलेला नसतो. वाळूतून सडकेवर येताना हेच उलट. तळाच्या गोट्यावरून निघालेला प्रकाश पाण्याबाहेर पडताना असाच कलतो. पण डोळ्याला वाटते, तो सरळच आला. म्हणून तळ वर उचलल्यासारखा दिसतो. उभे वरून पाहिले तर ४ फूट पाणी ३ फूट वाटते, काठावरून तिरपे पाहिले तर त्याहूनही उथळ.

खरे वाटत नसेल तर घरी पातेल्यात नाणे टाका, काठाआड नाणे लपेपर्यंत मागे सरका, आणि कुणाला तरी हळूच पाणी ओतायला सांगा. लपलेले नाणे दिसू लागते. पातेले हलले नाही, नाणेही नाही, तुम्हीही नाही!

हे वळणे किती, याचा नियम बगदादच्या इब्न साहलने सन ९८४ च्या सुमारास लिहून ठेवला, हॉलंडच्या स्नेलला तो १६२१ त पुन्हा सापडला, आणि छापला देकार्तने, १६३७ त. थोरांचीही येथे चूक झाली. न्यूटनचे मत होते की पाण्यात प्रकाश अधिक वेगाने जातो. १८५० साली पॅरिसला फूकोने प्रत्यक्ष प्रयोगाने दाखवले की तो मंदावतो.

परंतु मला सर्वांत लोभसवाणी वाटते ती १६६२ सालची गोष्ट. फर्मा या गणितज्ञाने दाखवले की एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाताना प्रकाश कमीत कमी वेळाची वाट धरतो, आणि वळण्याचा नियम त्यातूनच निघतो. देकार्तचा अनुयायी क्लेर्सेलिए याने लगेच हरकत घेतली: हे तत्त्व नीतीचे झाले, भौतिकाचे नव्हे, निसर्ग काय विचार करून वाट निवडतो? गणित फर्माचे खरे ठरले, तरी हरकतीतला जीव गेला नाही. प्रकाश निवडत नाही. लाटा सर्वत्र पसरतात, आणि जेथे त्या एकमेकींना साथ देतात ती वाट उरते. मग त्याला दोष कसा द्यावा? डोळ्यालाही देता येत नाही. हे सारे कळल्यावरही तळ मला आजतागायत वरच दिसतो! ज्ञानाने दिसणे बदलले नाही. बदलले ते पाऊल.

मग दोष उरला कुणाकडे? "दिसते" म्हणायचे तेथे मी "येईल" म्हणालो, हा एक. दुसरा सांगायला जड जातो. मी स्वतः उतरलो असतो तर आधी पाय टाकून चाचपले असते. पोराच्या बाबतीत मात्र नुसती नजर पुरेशी मानली. आषाढातले गढूळ पाणी कुणाला असे फसवीत नाही. तळ दिसतच नाही, म्हणून जो तो जपून उतरतो.

भोई अंग पुसता पुसता म्हणाला होता, "बुवा, मासा दिसतो त्याच्या खाली नेम धरावा लागतो. बा'नं शिकवलं. पाण्याला डोळ्यानं नाय, काठीनं विचारावं." स्नेल त्याने वाचला नव्हता.

तो भाचा आता नातवंडांचा आजा आहे. परवा त्याला विचारले, "त्या दिवशी मी खोटा वाटलो का रे?" म्हणाला, "तेव्हा वाटलात, मामा." आता काय वाटते ते मी विचारले नाही. तो नातवाचा हात धरून घाटाच्या शेवटच्या पायरीवर उभा होता, आणि दुसऱ्या हाताने पाण्यात काठी सोडीत होता.