पाण्याची हद्द आणि नकाशाची हद्द

जून अर्धा उलटला आणि पावसाने ओढ दिली, की मुंबईच्या वर्तमानपत्रांत एक चौकट रोज येऊ लागते. अप्पर वैतरणा, मोडकसागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार, तुळशी अशी सात नावं, त्यांच्यापुढे दशलक्ष लिटरचे आकडे आणि टक्केवारी. लालबाग-परळच्या चाळीत ही चौकट धावफलकासारखी वाचली जाते. दहा टक्के कपात म्हणजे तिसऱ्या मजल्यावर पहाटे येणारी धार आणखी बारीक होणार, हे तिथल्या बाईला कुणी समजावून द्यावं लागत नाही. पिंप भरलेलं हवं, मोरीतली बादली रिकामी दिसता कामा नये. पाऊस लागतो, आकडे चढतात, एखादा तलाव भरून वाहू लागल्याचा फोटो छापून येतो आणि विषय पुढच्या जूनपर्यंत मिटतो.

त्या चौकटीत पाणी किती ते असतं. ते पाणी ज्या जमिनीवरून वाहत आलं तिचं काय चाललंय, याला तिथे रकाना नाही. डोंगरावर झाडोरा किती उरला, माती किती सुटून तळाशी बसली, पाणलोटात कोणी काय बांधायला घेतलं, हे कळायला कुठली चौकट पाहावी? पाणी पाणीखात्याचं, जमीन नगररचनेची, जंगल वनखात्याचं, अशी आपल्याकडे वाटणी झाली आहे. तलाव मात्र तिघांच्या मधोमध पडलेला असतो.

या वाटणीचा अनुभव मुंबईला जुना आहे. सी. पी. टँक, गोवालिया टँक, धोबीतलाव, मस्तान तलाव, दोन टाकी: गिरगावापासून भायखळ्यापर्यंत पत्ते सांगताना आपण पाण्याची नावं घेतो आणि उभे असतो डांबरावर. कावसजी पटेलांनी अठराव्या शतकात बांधलेल्या तलावाचं आता नावच काय ते उरलंय. गोवालिया तलावाच्या जागी ऑगस्ट क्रांती मैदान आहे. हे तलाव बुजवले म्हणून आज हळहळणं सोपं आहे, पण त्या वेळच्या लोकांची अडचण खरी होती. विहारचं पाणी नळाने आलं आणि तलाव पिण्यापुरते निरुपयोगी झाले. मग मलेरिया. डॉ. बेंटली यांनी 1911 च्या अहवालात शहरातल्या विहिरी आणि टाक्यांकडेच बोट दाखवलं. माणसं तापाने मरत असताना तळ्यातल्या चंद्राचं कौतुक कोण करणार? त्यांच्या जागी मी असतो तर मीही भराव टाकायलाच सांगितलं असतं.

पण तलाव आणखी एक काम बिनबोभाट करत होता. आजूबाजूचं पावसाचं पाणी तो पोटात घेत होता. ते काम कुठल्याच दप्तरी नोंदलेलं नव्हतं, त्यामुळे ते बंद पडल्याचीही नोंद झाली नाही. परळ-दादरचा हा पट्टा मुळातच सखल. वरळी आणि महालक्ष्मीमधली खाडी अठराव्या शतकात बांध घालून अडवल्यावर जी पाणथळ जमीन हळूहळू कोरडी झाली, तिच्यावर आणि तिच्या कडेला मध्य मुंबई उभी राहिली. हिंदमाताच्या कापडबाजारात दरवर्षी गुडघाभर पाणी का साचतं, याचं उत्तर गटाराच्या व्यासात शोधून शोधून पालिका थकली. शेवटी काय केलं? दादरच्या प्रमोद महाजन कला उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली मोठ्या टाक्या खणल्या. हिंदमाताचं पाणी पंपाने तिकडे न्यायचं, धरून ठेवायचं, भरती ओसरली की सोडायचं. ज्या शहराने जमिनीवरचे तलाव फुकट घालवले त्याने जमिनीखाली पैसे मोजून तलाव बांधले. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या आवारात एक तळं अजून शिल्लक आहे. वस्त्रोद्योगाच्या संग्रहालयाच्या बेतात ते आलं आणि टिकलं, हेही नशीबच. 2001 मध्ये गिरण्यांच्या जमिनीचा नियम बदलून मोकळ्या जागेचा हिशेब फक्त रिकाम्या तुकड्यापुरता उरला, तेव्हा पावसाचं पाणी मुरायला जागा लागते हा मुद्दा वादाच्या कडेलाच राहिला.

एवढ्यावरून कुणी म्हणेल, शहराला हे जमतच नाही. तसं म्हणता येत नाही. मुंबईच्याच हद्दीत, एकमेकांना लागून, याचे दोन्ही पाठ आहेत.

विहार 1860 मध्ये पुरा झाला, तुळशी 1879 मध्ये. दोन्ही तलाव बांधताना एक गोष्ट शहाणपणाने केली गेली. भिंतीबरोबर पाणलोटाची जमीनही हातात घेतली आणि तिथे शेती-वस्ती वाढू दिली नाही. त्यामागे निसर्गप्रेम कमी आणि पटकीची धास्ती जास्त होती. पण पाण्यासाठी राखलेलं ते रान पुढे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचा गाभा झालं. आज तिथे बिबटे आहेत, आणि तुळशी-विहारचं पाणी दीडशे वर्षांनंतरही मुंबई पिते. पवई त्यांच्या शेजारचाच. 1890 च्या सुमारास पाणीटंचाईच्या घाईत मिठीच्या खोऱ्यात बांध घातला, पण त्याच्या पाणलोटाला तशी राखण लाभली नाही. पाणी पिण्याच्या कामी फार दिवस आलं नाही. पुढे भोवतालच्या टेकड्यांवर इमारती चढल्या, सांडपाणी उतरलं, गाळ बसला, जलपर्णी माजली. आता तिथलं पाणी पिण्याखेरीज इतर कामांना जातं. काठाकाठाने सायकल ट्रॅक घालायला घेतला, तेव्हा 2022 मध्ये उच्च न्यायालयाला तो बेकायदा ठरवून काढायला सांगावं लागलं. पाऊस तोच, डोंगर तोच, महानगरपालिकाही तीच. फरक पडला तो एका तलावाचा हिशेब जमिनीसकट मांडला गेला आणि दुसऱ्याचा फक्त भिंतीपासून पाण्यापर्यंत, म्हणून. शिवाय विहार आणि पवई दोघांचंही जादा पाणी मिठीत जातं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा वरच्या अंगाच्या नियोजनाचं बिल खालच्या कुर्ला-कलिन्याने भरलं.

मात्र विहार-तुळशीची गोष्ट सांगून थांबण्यात फसवणूक आहे. सातही तलावांचा उपयुक्त साठा साधारण 14 लाख 47 हजार दशलक्ष लिटर. त्यात या दोघांचा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास. निम्मा साठा एकट्या भातसाचा. म्हणजे गिरगावातल्या नळाचं खरं खोरं शहापूर, वाडा, मोखाडा आणि नाशिककडच्या इगतपुरीत आहे. तिथल्या जमिनीचं काय होणार, हे मुंबईचा विकास आराखडा ठरवत नाही. तसं तो ठरवूही शकत नाही. पण महानगर प्रदेशाचा प्रादेशिक आराखडा नावाची एक वेगळी, मोठी गोष्ट आहे. 1966 च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याने अशा आराखड्याकडून निसर्गसंपत्तीच्या जतनाचीही अपेक्षा ठेवली आहे. 2016 ते 2036 साठी केलेल्या त्या आराखड्याच्या नकाशात अलिबाग सापडतं, पेण सापडतं. शहापूर सापडत नाही.

दादरच्या फलाटावर संध्याकाळी कसारा लोकल लागते. आसनगाव, आटगाव, खर्डी ही तिची शेवटाकडची स्टेशनं शहापूर तालुक्यातली. आटगावला उतरून तानसाला जाता येतं. रेल्वेला जे खोरं मुंबईचं वाटतं, ते नियोजनकाराला वाटलं नाही. प्रदेश म्हणजे जिथे घरं, कारखाने, रस्ते वाढणार तो मुलूख, अशी त्याची समजूत. शहर ज्याच्यावर जगतं तो मुलूख हद्दीबाहेर.

हे नेहमी असंच होतं असंही नाही. 1948 मध्ये बृहन्मुंबईच्या बृहत् आराखड्याची पहिली रूपरेषा प्रसिद्ध झाली, ती अल्बर्ट मेयर आणि पालिकेचे अभियंता एन. व्ही. मोडक या दोघांची. (मेयर म्हणजे चंदीगडचा पहिला आराखडा ज्यांच्या हातून सुरू झाला, ते अमेरिकन.) मोडक पाण्याचेही अभियंता होते, 1957 च्या वैतरणा धरणाच्या जलाशयाला आज आपण मोडकसागर म्हणतो. शहर कुठे वाढावं आणि पाणी कुठून यावं, हे दोन्ही विचार एका डोक्यात मावत होते. त्यानंतर खाती वाढली आणि डोकी वेगळी झाली.

शहापूरची जमीन आता थांबायला तयार नाही. समृद्धी महामार्ग तालुक्यातून गेला, गोदामांची रांग भिवंडीकडून सरकत येते आहे, नाशिक रस्त्याच्या दुतर्फा ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ प्लॉट विकणाऱ्या पाट्या आहेत. तानसाभोवती 1970 पासून अभयारण्य आहे, त्यामुळे तेवढा भाग सावरला. भातसाच्या पाणलोटाला तसं कवच नाही. डोंगरउताराची झाडं गेली, मुरूम उकरला गेला, की पहिल्याच पावसात माती सुटते आणि जलाशयाच्या तळाशी जाऊन बसते. ती पुन्हा उपसणं इतक्या मोठ्या धरणात जवळपास अशक्य. साठा दरवर्षी थोडाथोडा आटत राहणार आणि चौकटीत टक्के मात्र शंभरच दिसणार.

मग सगळं खोरं नकाशावर हिरवं रंगवून टाकावं का? इथेच मला शहरी पर्यावरणवाद्यांशी भांडावंसं वाटतं. विहारचा मार्ग 1860 मध्ये सोपा होता, कारण ज्यांची जमीन गेली त्यांना विचारायचं असतं हे कुणाच्या गावीही नव्हतं. 1997 च्या न्यायालयाच्या आदेशानंतर राष्ट्रीय उद्यानातून हजारो झोपड्या हटल्या, त्या माणसांचं काय झालं हे आपण फारसं विचारलं नाही. शहापूर, वाडा, मोखाडा हे अनुसूचित क्षेत्रातले तालुके. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली लोकांची ही गावं. 1996 च्या पेसा कायद्याने आणि 2006 च्या वनहक्क कायद्याने तिथल्या ग्रामसभेला जमिनीबद्दल बोलायचा अधिकार दिला आहे. याच शहापुरात, देशाच्या आर्थिक राजधानीचे तलाव पोटात असताना, एप्रिल-मे महिन्यात पाड्यांवर टँकर जातो. धरणाच्या कुशीतल्या बाईने डोक्यावर हंडा घेऊन चढ चढायचा, आणि वर तिनेच जंगल राखावं अशी अपेक्षा करायची, हे कुठल्या तोंडाने?

न्यूयॉर्क शहराने 1997 मध्ये वेगळी वाट धरली. अब्जावधी डॉलरचा गाळण प्रकल्प बांधण्यापेक्षा शहराने कॅट्सकिल डोंगरातल्या गावांशी करार केला. शेतकऱ्यांना पैसे दिले, मैल्याची व्यवस्था करून दिली, जमीन विकत घेतली तीही विकायला तयार असलेल्याकडून. तिथेही कुरबुरी झाल्या, गावकऱ्यांना शहराचा दंडुका वाटला. पण निदान बोलणी एका टेबलावर झाली. मुंबईत घरगुती पाण्याचा दर हजार लिटरला दहा रुपयांच्याही खाली आहे. परळच्या चाळीसाव्या मजल्यावरच्या घराला त्यात खोऱ्यासाठी दोन रुपये जादा पडले तर कुणी चाळीत राहायला जाणार नाही. ते पैसे थेट ग्रामसभांकडे जावेत, आणि प्रादेशिक आराखड्याच्या समितीवर त्या ग्रामसभांचे लोक असावेत, निमंत्रित म्हणून नव्हे, मतासकट.

यातलं काहीच होत नाही, आणि दरम्यान गारगाई येतंच आहे. वाड्याजवळ ओगद्याला धरण, रोज 44 कोटी लिटर पाणी, तानसा अभयारण्यातली लाखो झाडं आणि काही आदिवासी गावं पाण्याखाली. मध्यंतरी हा प्रकल्प बाजूला ठेवला होता, पुन्हा बाहेर काढला गेला. म्हणजे ज्या जंगलामुळे तानसा टिकला त्याचाच एक भाग बुडवून शहराचं पाणी वाढवायचं. कदाचित शेवटी ते लागेलही. सव्वा कोटींहून अधिक माणसांचं शहर आहे. पण गारगाई आधी, की लालबाग-गिरगावच्या रस्त्याखालचे जुने गळके पाइप आधी, असा सवाल आजवर एका टेबलावर आलेला नाही. पाइपांचं अंदाजपत्रक एका खात्याचं, धरणाचं दुसऱ्याचं, जंगलाची परवानगी तिसऱ्याकडे आणि ओगद्याचं पुनर्वसन चौथ्याकडे.