खंडाचे कलम होताना

विधेयकात ज्याला खंड म्हणतात, त्यालाच कायद्यात कलम म्हणतात. शब्द तेच, स्वल्पविरामही तोच. पण राष्ट्रपतींच्या अनुमतीआधी तो मजकूर केवळ एक प्रस्ताव असतो, आणि कायदा अमलात आला की तो न पाळणाऱ्याला शिक्षाही होऊ शकते. मधल्या वाटेत या मजकुराला असे काय लाभते? बहुमत, हे नेहमीचे उत्तर मला अपुरे वाटते. तीनशे हात वर आणि दोनशे खाली, यातून कोणाचे बळ जास्त ते कळते. त्या दोनशेंनी, आणि त्यांना निवडून देणाऱ्या लाखोंनी, हा नियम मनापासून का पाळावा ते कळत नाही. माझ्या मते कायद्याचे नैतिक बंधन विरोधकाचे ऐकून घेण्यातून आणि त्याच्यासमोर कारणे मांडण्यातून निर्माण होते. मतदान ही त्या प्रक्रियेची अखेर आहे, तिचा गाभा नव्हे.

संसदेची कार्यपद्धती बारकाईने पाहिली की हे दिसते. पहिल्या वाचनात विधेयक मांडायला परवानगी मागावी लागते. दुसऱ्यात आधी त्याच्या तत्त्वांवर चर्चा होते. हवे तर ते प्रवर समितीकडे किंवा दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे जाते, तिथे निवेदने आणि साक्षी घेतल्या जातात. मग खंडवार विचार सुरू होतो. आधी दुरुस्त्या, नंतर प्रश्न: हा खंड विधेयकाचा भाग व्हावा का? सुरुवात दुसऱ्या खंडापासून होते. कायद्याचे नाव असलेला पहिला खंड, अधिनियमन सूत्र आणि दीर्घ शीर्षक शेवटी मताला येतात. अंगप्रत्यंग ठरल्याशिवाय बारसे नाही. तिसऱ्या वाचनानंतर दुसऱ्या सभागृहात हेच पुन्हा. त्यानंतरही धन विधेयक नसेल तर अनुच्छेद १११ प्रमाणे राष्ट्रपती ते फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. मात्र दोन्ही सभागृहांनी ते पुन्हा संमत केले, तर अनुमती रोखता येत नाही. या प्रत्येक पायरीवर ‘नाही’ म्हणणाऱ्यासाठी जागा राखून ठेवलेली आहे.

आज्ञा बंधनकारक का, या प्रश्नाला पूर्वमीमांसेने वेगळे उत्तर दिले होते. वेद अपौरुषेय, त्यांना कर्ता नाही, म्हणून कर्त्याचे अज्ञान, लोभ, पक्षपात त्यांत शिरत नाहीत. हिंदूंच्या विवाह, वारसाहक्क आदी नियमांना कायद्याचे रूप देऊ पाहणाऱ्या हिंदू कोड बिलाच्या अनेक विरोधकांचा आक्षेप याच जातीचा होता: माणसांच्या सभेने धर्माला हात कोणत्या अधिकाराने लावावा? आक्षेप क्षुल्लक नाही. कर्त्याच्या लहरीवर चालणारा नियम मनाला बांधत नाही, हे खरेच आहे. पण प्रत्यक्ष व्यवहारात चालणारा धर्मशास्त्राचा नियम कर्त्याविना कधीच नव्हता. विज्ञानेश्वरांच्या मिताक्षरेप्रमाणे मुलाला वडिलोपार्जित संपत्तीत जन्मतः हक्क. जीमूतवाहनांच्या दायभागाप्रमाणे तो वडिलांच्या पश्चात. परंपरा एक, निष्कर्ष दोन. मुंबई इलाख्यात तर नीलकंठभट्टांच्या व्यवहारमयूखालाही मान होता. अपौरुषेय वचनाचा अर्थ अखेर माणसालाच लावावा लागतो. मग प्रश्न उरतो तो एवढाच, की हे मानवी कर्तृत्व झाकून ठेवायचे की उघड करून तपासायचे. कर्त्याच्या दोषांपासून सुटका संसदही शोधते; फक्त ती कर्ता नाकारून नव्हे, तर एकाचे लिहिलेले अनेकांच्या, विशेषतः विरोधकांच्या, नजरेखालून घालून.

यावर सर्वांत बोचरा आक्षेप विलंबाचा आहे. हिंदू कोड बिलाचा मसुदा करणाऱ्या राव समितीने १९४५ साली देशभर फिरून साक्षी घेतल्या. बिल १९४७ च्या एप्रिलमध्ये मांडले गेले, १९४८ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील प्रवर समितीकडे गेले, आणि सप्टेंबर १९५१ मध्ये जेमतेम चार खंड संमत झाल्यावर बाजूला ठेवले गेले. आंबेडकरांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. विवाहाचा कायदा १९५५ मध्ये, वारसाहक्काचा १९५६ मध्ये आला. नवऱ्याच्या छळातून सुटका मागणाऱ्या बाईने ही वर्षे कशी काढायची? या प्रश्नापुढे प्रक्रियेचा महिमा सांगणे निर्दयपणाचे ठरेल. म्हणून दोन विलंबांत फरक केला पाहिजे. साक्षी घेण्यात, दुरुस्त्या तपासण्यात गेलेला वेळ ऐकण्याचा असतो. १९५१ मध्ये झाली ती निर्णयाची टाळाटाळ होती. न ऐकता निर्णय देणे हा जसा अन्याय, तसाच ऐकूनही निर्णय न देणे हा अन्याय. आंबेडकरांचा संताप संसदीय पद्धतीविरुद्ध नव्हता. ती अर्ध्यात सोडल्याविरुद्ध होता.

दुसरा आक्षेप असा, की हे सारे कर्मकांड आहे. निकाल आधीच ठरलेला असतो, आणि १९८५ च्या पक्षांतरबंदीनंतर तर सदस्याचे मत पक्षादेशाला बांधलेले असते. कर्मकांड पोकळ होऊ शकते, हे मान्यच करावे लागेल. ऑगस्ट १९७५ मध्ये, अनेक विरोधी नेते तुरुंगात असताना, पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयांच्या कक्षेबाहेर नेणारी एकोणचाळिसावी घटनादुरुस्ती काही दिवसांत दोन्ही सभागृहांतून पार झाली. विधी झाले, मते मोजली गेली. पण ज्याने ‘नाही’ म्हणायचे तो कोठडीत होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद रद्द केली. हे उदाहरण माझ्या मुद्द्याला छेद देत नाही, उलट बळ देते: बहुमत पूर्ण असूनही विरोधकाची जागा रिकामी असेल, तर कायद्याला सक्ती येते, मान येत नाही. आणि पक्षादेश मत बांधतो, तरी सभागृहातला युक्तिवाद पुसत नाही. तो कामकाजाच्या नोंदीत राहतो.

ती नोंद किती काळ वाट पाहू शकते, हे वारसाहक्काच्या कायद्यातच दिसते. १९५६ च्या कलम ६ ने मिताक्षरा सहदायकी, म्हणजे वडिलोपार्जित संपत्तीतली जन्मसिद्ध भागीदारी, कायम ठेवली, आणि जन्मसिद्ध हिस्सा मुलाकडेच राहिला. मुलीच्या बाजूने बोललेले त्या दिवशी हरले. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आपल्यापुरता तो नियम बदलला. २००५ मध्ये संसदेने देशभरासाठी नवे कलम ६ आणले, आणि मुलगी जन्मतः सहदायक झाली. जुने कलम बदलण्यासाठी पुन्हा खंड लिहावा लागला, आणि तो भाग व्हावा का, हे सभागृहाला पुन्हा विचारावे लागले. आज हरलेल्याने कायदा पाळावा, असे त्याला सांगण्याचा अधिकार संसदेला या उघड्या दारातून मिळतो.