जवळ बसलेलं माणूस

रायपूरच्या बुढापारा वस्तीत उजाडतंय. एखाद्या घरात मात्र रात्रभर दिवा जळतोय. लेकराला जुलाब होताहेत. आई जवळ बसली आहे. वाटीतलं मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्यानं पाजते आहे.

काम साधंच. पण १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली, शिरेतून द्यायचं सलाइन पुरेना. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असंच पाणी रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिलं. नातेवाइकांनी जवळ बसून ते पाजलं. मृत्यू झपाट्यानं कमी झाले.

याच बुढापाऱ्यात १८७७ च्या सुमारास कोलकात्याहून आलेला किशोर नरेंद्र राहत होता. तेच पुढचे स्वामी विवेकानंद. तेव्हा इथे त्याच्यासाठी शाळा नव्हती. वडील, विश्वनाथ दत्त, त्याच्या जवळ बसत. शिकवत, वाद घालू देत, त्याचं म्हणणं ऐकून घेत.

जवळ बसणाऱ्याला दिसतं.

मूल पाणी पिईना, मलूल झालं, डोळे खोल गेले, हे त्यालाच आधी कळतं. मग थांबायचं नसतं, तडक दवाखाना गाठायचा असतो. छत्तीसगडमध्ये वस्तीवस्तीत मितानिन ताई, म्हणजे आरोग्य कार्यकर्त्या, असतात. ओआरएसची पुडी त्यांच्याकडे मागता येते. ती कशी कालवायची, तेही त्या सांगतात.

श्रोतेहो, आज तुमच्या शेजारी असं आजारी मूल असेल, तर त्या दमलेल्या आईला तासभर झोपू द्या. तेवढा वेळ तुम्ही जवळ बसा.