सरावात आलेले मरण

पुण्यालगत खडकी येथे दुसऱ्या महायुद्धातील मृत सैनिकांचे समाधिस्थान आहे. पश्चिम आणि मध्य हिंदुस्थानात ठिकठिकाणी पुरलेल्या ज्या देहांची कायमची निगा राखली जाईल अशी शाश्वती नव्हती, ते हलवून येथे एकत्र आणण्यात आले. अशा 1,668 जणांच्या समाध्या आज तेथे आहेत. एकसारख्या शिळांवर हुद्दा, नाव, पथक, मृत्यूची तारीख, बहुधा वय आणि धर्मचिन्ह असा तपशील असतो. मरण कसे आले याविषयी त्यांवर सहसा एक अक्षरही कोरलेले नसते.

युद्धकाळी लोहगाव हे ब्रिटिश हवाई दलाचे ठाणे होते आणि तेथे वेलिंग्टन जातीची बाँबफेकी विमाने होती. याच जातीच्या विमानांवर तिकडे इंग्लंडातही हजारो तरुणांना तयार केले जाई. ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर कमांड या बाँबफेकी विभागात त्या युद्धात सुमारे सव्वा लाख वैमानिकांनी आणि त्यांच्या उड्डाणसाथींनी चाकरी केली. त्यांपैकी 55,573 मृत्यू पावले, आणि या मृतांतील आठ हजारांहून अधिक लोक शत्रूच्या माऱ्याने पडलेले नसून सरावाच्या व तत्सम बिगर-लढाऊ उड्डाणांतील अपघातांत गेलेले होते.

शिक्षणतळावर आल्यानंतर या मुलांना एका प्रशस्त हँगरमध्ये जमवीत आणि आपापले साथीदार आपणच निवडा असे सांगत. ज्या फौजेत बूट कसे पुसावेत याचाही हुकूम निघे, तेथे आपण कोणाच्या भरवशावर जगायचे आणि कोणाबरोबर मरायचे, ही एक गोष्ट मात्र त्यांच्या मर्जीवर सोडलेली होती. वैमानिक, दिशादर्शक, बाँब टाकणारा, बिनतारी यंत्रावरचा आणि शेपटीकडील तोफची अशी पाच जणांची जूट तासाभरात जमे. मग आघाडीवर वापरून झिजलेल्या विमानांतून, दिवे मालवलेल्या प्रदेशावरून, ढगाळ रात्री दूरवर जाऊन तळावर परत येण्याचा सराव सुरू होई. वेलिंग्टनचा सांगाडा धातूच्या जाळीचा आणि त्यावरचे आवरण लेप दिलेल्या कापडाचे. इंजिन बंद पडले किंवा दिशा चुकून ढगात दडलेला डोंगर समोर आला, की पाचांचाही शेवट एकाच क्षणी होई. ज्यांचे देह वेगळे ओळखता येत नसत त्यांना एकाच समाधीत ठेवीत आणि त्यांच्या शिळा एकमेकींना खेटून उभ्या करीत.

आपल्या साताऱ्या-सांगलीकडे मृत वीराचे स्मरण दगडात ठेवण्याची रीत त्याहून कितीतरी जुनी आहे. कृष्णाकाठच्या देवळांच्या आवारात वीरगळ उभे असतात: तळाच्या चौकटीत धारातीर्थी पडलेला वीर, तिच्यावर ढालतलवारींची झुंज, त्यावर त्याला स्वर्गाला नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. वीरगळाची सारी कथा मरणाच्या प्रकारावर उभी आहे. झुंजीची चौकट काढली तर अप्सरांना येण्याचे प्रयोजन उरत नाही. या शिल्पाविषयी मला निरतिशय आदर आहे. तथापि तलवारीचा हात शिकताना ज्याच्या मानेवर घाव बसला, किंवा घोडा फेकताना जो दरीत गेला, त्याच्यासाठी या रचनेत चौकट नाही, आणि ही उणीव दगडातून आपल्या मनात उतरली आहे असे मला वाटते. गावात जवानाचा देह तिरंग्यात लपेटून येतो तेव्हा गर्दीतून हलक्या आवाजात पहिला प्रश्न निघतो, “लढाईत गेला का?” उत्तर नकारार्थी आले की हळहळ तीच राहते, परंतु अभिमान थोडा आखडता घेतला जातो, आणि हे त्याच्या आईच्या ध्यानात आल्यावाचून राहत नाही. निवृत्तिवेतनाच्या दप्तरातही या दोन मरणांचे रकाने वेगळे आहेत. सरकारला तसे करण्याला कारणे असतील. शेजाऱ्याला मात्र एकही कारण नाही.

ज्या साम्राज्याशी आपले वाडवडील त्याच वर्षांत झुंजत होते, त्याच्या वैमानिकांसाठी आपण शोक का करावा, असे कोणी विचारील, आणि हा प्रश्न टाळण्याजोगा नाही. 24 जुलै 1943 रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगलीचा तुरुंग फोडला. त्याच रात्री ब्रिटिश बाँबफेकी विमानांनी हँबुर्गवरील त्या भीषण हल्ल्यांना आरंभ केला, ज्यांत हजारो स्त्रिया, मुले आणि वृद्ध आगीत होरपळून मेले. त्या संहाराचे समर्थन मला करता येत नाही. परंतु सरावाच्या रात्री डोंगरावर आदळलेल्या पाच जणांनी हँबुर्ग पाहिलेच नव्हते. ज्या कामासाठी त्यांना तयार केले जात होते ते हातून घडण्यापूर्वीच ते गेले. एका महायुद्धात, सैनिकी पोशाखात, कोणाचाही जीव न घेता त्यांनी स्वतःचा जीव दिला. शौर्याच्या तराजूत ज्यांना आपण हलके धरतो, त्यांची पापाची बाजू रिकामी आहे, ही गोष्ट कोणत्याही धर्माच्या माणसाने थांबून विचारात घेण्यासारखी आहे. लंडनमधील ग्रीन पार्कात 2012 साली बॉम्बर कमांडचे जे स्मारक उभे राहिले, त्यावर बाँबवर्षावात मेलेल्या सर्व राष्ट्रांच्या लोकांचेही स्मरण कोरले आहे, आणि ते योग्यच झाले.

समाधीच्या मुक्या शिळेने सर्वांना समान केले, हा तिचा मोठेपणा. पण तिच्या मौनात एक धोकाही आहे. रणांगणावरील मृत्यूचा जाब शत्रूकडे मागता येतो. सरावातील मृत्यूचा जाब आपल्याच माणसांना द्यावा लागतो: जीर्ण विमान कोणी मंजूर केले, हवामानाचा इशारा कोणी दुर्लक्षिला, थकलेल्या मुलाला पुन्हा कोणी उडविले? “देशासाठी गेला” या शब्दांनी ही चौकशी मिटविणे म्हणजे मृताच्या सन्मानाच्या आडून जिवंतांची कसूर झाकणे होय. आणि अपघातानंतर चौकशीची न्यायालये बसली, तरी त्यांचे निष्कर्ष घरच्यांपर्यंत पोहोचतातच असे नाही.

हा प्रश्न जुन्या युद्धाबरोबर संपलेला नाही. 24 मार्च 2015 रोजी नौदलाचे डॉर्नियर विमान सरावाच्या उड्डाणात गोव्याजवळ समुद्रात कोसळले. कमांडर निखिल जोशी वाचले, लेफ्टनंट अभिनव नागोरी आणि लेफ्टनंट किरण शेखावत हे दोघे गेले. साताऱ्याची सैनिक शाळा 23 जून 1961 रोजी सुरू झाली, देशातील अशी ती पहिली. तिच्यातून, आणि पहिल्या महायुद्धात ज्या गावचे 46 जवान कामी आले त्या अपशिंग्यासारख्या गावांतून, आजही मुले सैन्यात जातात. सैनिकाच्या नोकरीचा बराचसा काळ तयारीतच जातो, आणि जोखीमही त्या काळात त्याची पाठ सोडीत नाही.

म्हणून सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील ज्या ग्रामपंचायती आपल्या गावच्या जवानांचे स्मारक उभारीत असतील त्यांना माझी विनंती आहे, की सरावात, उड्डाणात वा सेवेतील अपघातात गेलेल्यांची नावे त्याच स्तंभावर, त्याच आकाराच्या अक्षरांत कोरावीत. आणि चौकशीचा निष्कर्ष मिळावा म्हणून त्यांच्या आईवडिलांनी अर्ज केला तर त्यावर गावच्या सरपंचांनीही सही करावी.